मदत हवी आहे: दूरचे ग्रह संथ का, हे पुळणीवर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. गुहागरजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. दहावीला ग्रहांच्या गतीचे केप्लरचे नियम आहेत. मुलं गणितं बरोबर सोडवतात, पण ग्रहांचे वेग फळ्यावर लिहिले की खरे प्रश्न सुरू होतात. सेकंदाला बुध ४७ किमी, शुक्र ३५, पृथ्वी ३०, मंगळ २४, गुरू १३, नेपच्यून जेमतेम साडेपाच. "वाट लांब म्हणून वर्ष मोठं, हे कळलं बाई. पण चाल का मंदावते? गुरू जड म्हणून?"

जडपणाचा संबंध नाही, हे पटवता आलं. मंगळ पृथ्वीपेक्षा कितीतरी हलका, तरी तिच्यापेक्षा संथ. अडलंय ते पुढच्या प्रश्नाशी. मंगळयान डिसेंबर २०१३ मध्ये पृथ्वीजवळून निघालं ते वेग वाढवून. मग ते जास्त संथ कक्षेत पोचलं कसं? मला सूत्राशिवाय उत्तर हवंय.

शिवाय पौर्णिमेला संध्याकाळच्या सुकतीत पुळण रुंद आणि घट्ट मिळते. मधे काठी रोवून दोरीने वर्तुळं काढायची: बुध २ मीटरवर, पृथ्वी ५, मंगळ साडेसात, गुरू २६. मुलांना कुठल्या चालीने चालवू?

प्रतिसाद १
बाई, आधी चाल. पृथ्वीची फेरी ३० सेकंदांत धरा. मग बुधाची ७ सेकंदांत, मंगळाची ५६ आणि गुरूची जवळजवळ ६ मिनिटांत. बुध झालेल्या मुलाला झपझप चालावं लागेल आणि गुरू पावलापुढे पाऊल टाकत जाईल. फक्त वेळ मोजू नका, दहा सेकंदांत कोण किती मीटर गेलं तेही वाळूवर आखा. तुमच्या मुलांचा प्रश्न चालीचा आहे, वर्षाचा नाही.

आता कारण. अंतर दुप्पट झालं की सूर्याची ओढ चौथाई होते. ओढ कमी, म्हणून वाट वळवत ठेवायला वेगही कमीच चालतो. मुलांना उलटं विचारा: गुरूला त्याच्या जागी पृथ्वीचा वेग दिला तर? तिथून सूर्याला कायमचं सोडून जायला सेकंदाला साडेअठरा किमी पुरतात, ३० म्हणजे गुरू गेलाच. आणि पृथ्वीचा वेग गुरूएवढा केला, तर ती घसरून बुधाच्या कक्षेच्याही आत जाईल. प्रत्येक अंतराला पेलणारा वेग ठरलेला आहे.

यानाचं म्हणाल, तर मंगळाकडे जाताना ते सूर्याच्या ओढीविरुद्ध चढत असतं. निघताना सूर्याभोवतीचा वेग साधारण पावणेतेहेतीस, चढता चढता मंगळाच्या कक्षेशी साडेएकवीस. वाढवलेला वेग चढणीत खर्च होतो, वर मूळचाही बराच.

धागाकर्ती
मनापासून आभार. "ठरलेला वेग" मला फार उपयोगी पडेल. पण साडेएकवीस म्हणजे मंगळाच्या चोवीसपेक्षा कमी. मग यान मंगळाला गाठतं, की मंगळ यानाला?

प्रतिसाद २
मंगळच मागून येऊन यानाला गाठतो. म्हणून निघण्याची वेळ साधावी लागते, आणि ती जुळणी साधारण २६ महिन्यांनी येते. पुळणीवर एक मूल यान करा. पृथ्वीच्या वर्तुळावरून भरभर निघून, दमत दमत मंगळाच्या वर्तुळावर पोचू दे. मंगळ तिथे मागून आला पाहिजे. पृथ्वी-मंगळाची सुरुवात कुठून करायची, ते मुलांनाच शोधू द्या.