कौटुंबिक नाटक : स्वप्नं सांगून होतात, पण संघर्ष पेटत नाही

प्रश्न
हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रासाठी दोन अंकी लिहितोय. करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळघर, दोन एकर ऊस. आबांना गुऱ्हाळ चालू ठेवायचंय, थोरल्याला पुण्यात फ्लॅट, धाकट्याला रोपवाटिका, लग्न झालेल्या आक्काला स्वतःचं शिलाई युनिट. पहिल्या अंकात प्रत्येकाला स्वगत आहे. वाचनात पात्रं आवडतात, पण अर्ध्या तासानं नाटक ढेपाळतं. काय करावं?

चिपाड
स्वप्नं शेजारी शेजारी उभी आहेत, एकमेकांच्या आड येत नाहीत. बेरीज मांडा. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. थोरल्याला ४० विकायचेत, धाकट्याला २० हवेत, आक्काला २०, आणि आबांना एकही गुंठा सोडायचा नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत हा हिशेब जेवणाच्या ताटावर झाला पाहिजे. मग स्वगतं आपोआप गळतात. थोरल्याला खलनायक करू नका. सगळ्यात पटणारा मुद्दा त्याच्याच तोंडी द्या, नाहीतर प्रेक्षक आधीच निकाल देऊन मोकळा होतो.

तिसरी घंटा
आक्काला वाया घालवताय. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, त्यामुळे जमीन घेणारा तिची सही मागणारच. भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतात, सोबत साडी-चोळी. त्याची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे करावी लागते, म्हणजे ठरलेली तारीख आली. नाटकाला मुदत मिळाली. तिनं सरळ नकार दिला तर प्रसंग तिथंच संपेल. "सही करते दादा, पण माझे वीस गुंठे आधी मोजून दे," इथं पहिला अंक पाडा.

प्रश्नकर्ता
आणि आबा? ते नुसते "जमीन आई आहे" म्हणत राहतात.

चिपाड
ते वाक्य काढा, त्यांच्या हाताला काम द्या. भांडण काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी घ्या. पाक उतरायच्या बेतात असला की गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, हलता येत नाही. थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघावं लागतं. पोरं ओरडतायत, आबा वाटीत बोट घालून गोळी तपासतायत, अर्धं उत्तर देतायत. दुसऱ्या अंकात आक्का कागद पुढं करते, त्यांची नजर हटते आणि पाक करपतो. त्यावर संवाद लिहू नका. जाळ मात्र दिव्यांनीच दाखवा: चुलवाणाच्या (काहिलीखालच्या भट्टीच्या) तोंडातून खालून नारिंगी प्रकाश, बाजूला चिपाडाचा, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचा ढीग. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत गेलेलं आपण पाहिलंय, रंगमंचावर खरी ठिणगी नकोच.

तिसरी घंटा
एक स्वगत ठेवायचंच असेल तर धाकट्याचं ठेवा, तेही पाक करपल्यानंतर. त्याआधी त्याला फक्त चिपाडं ओढू दे.