हाताच्या धमनीतला स्टेंट किती वर्षं टिकतो? अनुभव हवेत

आईची डावी सबक्लेव्हियन धमनी, म्हणजे कॉलरबोनखालून हाताकडे जाणारी, बरीच अरुंद झाली आहे. उजव्या हातात बीपी 150, डाव्यात 110. डावीकडची नाडी जेमतेम लागते. वेणी घालताना हात भरून येतो, मग गरगरतं. हात चालवला की मेंदूकडे जाणारं रक्त मानेतल्या व्हर्टिब्रल धमनीतून उलटं हाताकडे ओढलं जातं म्हणे, म्हणून चक्कर. (हे कळल्यापासून बीपी उजव्याच हातात मोजतो, डावीकडचा आकडा फसवा.)

डॉक्टर बायपासऐवजी फुगा (धमनीत घालून अरुंद जागा रुंद करायचा) आणि स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) सुचवतायत. ते पटलंय, काळजी आहे ती पुढची. स्टेंटच्या आत पेशी वाढून तो पुन्हा अरुंद होऊ शकतो, एवढं कळलंय.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा, चार-पाच वर्षांनी हात कसा आहे? पुन्हा फुगा घालावा लागला का? डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) कितीदा करता? ॲस्पिरिनसोबतचं क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारं औषध) डॉक्टरांनी कधी थांबवलं? स्टेंट न घालता नुसता फुगा कुणाचा टिकलाय का? हृदयातल्या स्टेंटचे अनुभव मात्र नकोत, ते नातेवाईकांकडून भरपूर मिळालेत.