नवी बॅटरी टाकूनही चार्जिंगचा दिवा मिणमिणतोय: आधी वायरिंग तपासा

गाडीचा अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) उतरवायची घाई नको. बेल्ट घट्ट असूनही इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील, तर हेडलाइट लावून मल्टीमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर (बॅटरीकडे जाणारी जाड वायर लागते तिथे) आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. ०.३ व्होल्टच्या वर फरक आला तर वायर किंवा थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) कुजलंय. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी मायनस असं मोजा, इथे फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा. जुन्या पिकअपमध्ये घोळ बऱ्याचदा या मायनसकडच्या जोडणीचा, म्हणजे अर्थिंगचाच असतो.

दोन्ही ठीक असेल तर अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) बघा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो. सील गळलं की ऑइल ब्रशवर उतरतं. तेव्हा आधी सील, मग ब्रश.

आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘टेस्ट’ करणाऱ्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका, अल्टरनेटरमधले डायोड (एसी करंटचा डीसी करणारे भाग) उडतात.