मदत हवी आहे: ॲम्प सोडून इन-इअर आणि पेडलबोर्डवर आलो, आता ढोलकीवाल्यांना बेस सापडत नाही

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका मराठी-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. ढोलकी-तबला, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, गिटार, बासरी आणि चार गायक असा आमचा संच. कार्यक्रम बहुतेक नाट्यगृहांत, गणपती-नवरात्रात मांडवात आणि लग्नसराईत लॉनवर.

या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून स्टेजवरचा आवाज कमी करायचं ठरवलं. नाट्यगृहात माझ्या मागचा ॲम्प आणि सगळे फ्लोअर मॉनिटर सुरू झाले की गायकांच्या माइकमध्ये वाटेल ते शिरायचं. साऊंडवाल्या दादांनी बेसचा चॅनेल कितीही खाली घेतला तरी पुढच्या रांगांना तो घुमूनच ऐकू यायचा. म्हणून गायक, कीबोर्डवाले, गिटारवाला आणि मी इन-इअरवर, म्हणजे कानात घालायच्या मॉनिटरवर, आलो. ढोलकी-तबल्याचे दादा आणि ऑक्टोपॅडवाला मात्र मॉनिटरवरच आहेत. दादांचं म्हणणं, कान बंद केले तर पानाचा, म्हणजे कातड्याचा, खरा आवाज कळत नाही आणि हात जड पडतो. मला ते पटतं. त्यामुळे त्यांना इन-इअर लावायला सांगा असा सल्ला कृपया देऊ नका.

माझ्याकडचं सामान: चार तारांचा पॅसिव्ह बेस, मग ट्यूनर, कॉम्प्रेसर आणि शेवटी टेक २१ चा सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर डीआय (ॲम्पशिवाय बेस थेट मिक्सरला जोडणारा डबा). तिथून कॅनन केबलने सरळ स्टेज बॉक्समध्ये. ऐकण्यासाठी शुअर एसई२१५ इअरफोन आणि कमरेला बेरिंजरचा पी२ हा इअरफोनचा छोटा ॲम्प, वायरचाच. बेसची केबल पायात असतेच, त्यामुळे वायरलेस इन-इअरवर खर्च करावासा वाटला नाही. साऊंडवाल्यांकडे बहुतेक वेळा बेरिंजर एक्स३२ हा डिजिटल मिक्सर असतो, म्हणून माझं मिक्स मी फोनवरून लावतो. माझ्या कानापुरतं बोलायचं तर इतकं स्वच्छ मी स्टेजवर कधीच ऐकलं नव्हतं. गायिकेचा श्वाससुद्धा कळतो.

अडचण माझ्या कानाबाहेर आहे. माझा ॲम्प ढोलकीच्या चौथऱ्याला लागून असायचा आणि दादा तो ऐकूनच माझ्याबरोबर चालायचे. लावणीत ठेका दुप्पट झाला की समेवर आम्ही दोघं एकत्र पडायचो, त्यासाठी एकमेकांकडे बघावंही लागत नव्हतं. आता त्यांच्या मॉनिटरमध्ये बेस दिला तर ते म्हणतात, नुसती धुगधुग येते, स्वर आणि घाव कळत नाही. आवाज वाढवला की ढोलकीच्या धुमेचा (खर्जाच्या बाजूचा) माइक शिट्टी नाही, पण घुमायला लागतो. कमी केला की बेस गायबच. त्यामुळे कोळीगीतांचा मेडले चालू असताना आम्ही केसाएवढे मागेपुढे होतो. श्रोत्यांना कळत नसेल, पण आम्हा दोघांना कळतं आणि दोघांनाही ते सहन होत नाही.

दुसरी गोष्ट अंगाची. खालच्या ई तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा आहे. तो कानात ऐकू येतो, पण पायाला आणि पोटाला काहीच लागत नाही. त्यामुळे बोटं आपोआप जोर लावतात आणि दोन तासांच्या कार्यक्रमानंतर मनगट भरून येतं.

तिसरी, मांडवात जनरेटरवर वाजवताना येणारी गुणगुण. ॲम्पच्या गोंगाटात ती कधी जाणवली नसेल, पण आता थेट कानात आहे. त्यातून आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेवरच्या तिसऱ्या पट्टीचा जी ४९ हर्ट्झचा, म्हणजे तो स्वर लांबवला की गुणगुणीशी घासून थरथरतो.

ज्यांनी हा बदल केला आहे, त्यांनी तालवाद्यांचा प्रश्न कसा सोडवला? शक्यतो आपल्याकडच्या वाद्यांच्या अनुभवातून सांगा. परदेशी व्हिडिओंत सगळ्यांच्या कानात इन-इअर असतात आणि ड्रमवाला काचेच्या आड असतो, त्याचा मला उपयोग होत नाही.

प्रतिसाद (साऊंडचं काम करणारा, कोल्हापूर)

तुमच्या दादांना ‘धुगधुग’ ऐकू येते ती बरोबरच आहे. बाराइंची फ्लोअर मॉनिटरमधून ४१ हर्ट्झ नीट बाहेर पडत नाही. तुम्ही खालचा भाग तिथे ढकलता तेव्हा तो कोन नुसता हलतो, चौथरा हलतो आणि धुमेचा माइक तेच उचलतो. शिवाय समोरच्या सबमधून (खर्जाच्या मोठ्या स्पीकरमधून) मागे येणारा खर्ज आहेच, कारण सबचा आवाज चहूकडे पसरतो. म्हणजे दादांकडे खर्ज भरपूर आहे, फक्त त्याला कडा नाही.

पुढच्या तालमीला असं करा. दादांच्या ऑक्समध्ये (त्यांच्या मॉनिटरच्या वेगळ्या मिक्समध्ये) बेसचा खालचा भाग साधारण १०० हर्ट्झपर्यंत कापून टाका आणि ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडा उचला. बोटाचा घाव तिथे असतो. खालचा मूळ स्वर कापला म्हणून तो हरवत नाही. ई तारेच्या ८२, १२३, १६४ हर्ट्झच्या वरच्या लहरी ऐकल्या की मेंदू मूळ स्वर आपणहून धरतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवरही आपल्याला बेसची चाल कळते ती यामुळेच. एक्स३२वर अडचण एवढीच की चॅनेलचा इक्यू सगळ्या मिक्सना सारखाच लागतो. म्हणून तुमची लाईन दोन चॅनेलवर घ्यायला सांगा, एक समोरच्यासाठी आणि एक फक्त दादांसाठी. एकाच इनपुटवरून हे होतं, जास्तीची केबल लागत नाही. आणि त्यांचा ऑक्स प्री-फेडर आहे ना, ते आधी विचारा. पोस्ट असेल तर समोरचा बेस मागेपुढे केला की दादांचाही हलतो, आणि ठेक्यातली गडबड तिथूनही येऊ शकते.

एवढ्याने भागलं नाही तर छोटा कॉम्बो परत आणा, पण तुमच्यासाठी नाही. तालवाद्यांच्या चौथऱ्याजवळ, स्टूलवर कानाच्या उंचीला, त्यांच्याकडे तोंड करून ठेवा. जमिनीवर ठेवलात तर फळ्या खर्ज वाढवतात. दादांपासून हातभर अंतरावर असल्यावर तो इतका हळू लागतो की गायकांच्या माइकपर्यंत पोचत नाही. आवाजाची खुंटी त्यांच्या हातात द्या.

प्रतिसाद (बेसवादक, मडगाव)

मी लग्नाच्या बँडमध्ये आणि तियात्रांत (गोव्याच्या कोकणी संगीत नाटकांत) वाजवतो. तियात्राला बँड रंगमंचासमोर खाली बसतो, तिथे ॲम्प मोठा केला तर नटाचं वाक्य मरतं. म्हणून मी पूर्वीच डीआयवर आलो.

अंगाला बेस लागत नाही हे अगदी खरं, आणि त्यावर इलाज आहेत. पोर्टर अँड डेव्हिस कंपनीची ड्रमवाल्यांसाठी हादरणारी आसनं मिळतात, आईक कंपनीचं बेसवाल्याने वर उभं राहायचं बेसबोर्ड आहे, पट्ट्याला लावायची यंत्रंही आहेत. पण आधी फुकटचं करून बघा. समोरचा सब ज्या बाजूला आहे, त्या बाजूच्या लाकडी स्टेजवर उभे राहा, गालिच्याखाली सिमेंट असेल तिथे नको. बराच फरक पडतो.

त्याआधी कानातलं बूच तपासा. एसई२१५ वाईट नाही, पण इअरटिप कानात जराही सैल असली तर सगळ्यात आधी खर्ज जातो, आणि आपल्याला वाटतं इअरफोनच कमी पडतोय. फोमचे टिप वापरा, दाबून बारीक करा, कान वर ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवा. घाम आला, हसलं, गायलं की बूच सुटतं, त्यामुळे फोम जुना झाला की टाकून द्या. जमलं तर कानाचा साचा देऊन बनवलेले घ्या. बोटं जोर लावतात त्याचं निम्मं कारण मला इथेच वाटतं.

आणि एक कान काढून वाजवू नका. आमच्याकडे निम्मे वादक तेच करतात. दोन्ही कानांनी मिळून आवाज मोठा भासतो, एक काढला की उरलेल्यात तुम्ही आवाज वाढवता, आणि मोकळ्या कानावर स्टेजचा सगळा मारा होतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. श्रोत्यांपासून तुटल्यासारखं वाटत असेल तर स्टेजच्या कडेला दोन माइक श्रोत्यांकडे वळवून लावा आणि ते फक्त इन-इअरमध्ये घ्या. तुमच्या मिक्सवर लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारा) लावायलाही सांगा. कोणाचा माइक खाली पडला तर तो आवाज थेट कानाच्या पडद्यावर आदळतो.

प्रतिसाद (इलेक्ट्रिशियन, हौशी गिटारवादक, नाशिक)

गुणगुणीबद्दल. आधी ती कुठली आहे ते ओळखा. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर बेसच्या आतलं शील्डिंग किंवा ग्राउंडची तार बघा. बेस घेऊन गोल फिरल्यावर कमीजास्त होत असेल तर पिकअप दिव्यांचे डिमर किंवा ट्रान्सफॉर्मर पकडतोय, जागा बदला. दोन्ही नसेल तर बहुधा ग्राउंड लूप (अर्थिंगचे दोन मार्ग जुळून बनलेलं वेटोळं) आहे. तुमचा पेडलबोर्ड एका बोर्डातून आणि मिक्सर दुसऱ्या टोकाच्या बोर्डातून वीज घेत असेल तर तो होऊ शकतो. स्टेजवरचं ध्वनीचं सगळं सामान एकाच ठिकाणाहून घ्यायला सांगा, दिव्यांची लाईन वेगळी ठेवा आणि डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा.

पेडलना एकाच अडॅप्टरच्या माळेतून वीज देत असाल तर ती माळ काढा आणि प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला, म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या. बहुतेक पेडल ९ व्होल्ट आणि मधला टोक निगेटिव्ह अशी असतात, पण प्रत्येकाला लागणारे मिलिअँपिअर वाचूनच जोडा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढू नका आणि कोणालाही काढू देऊ नका. मांडवात हे सर्रास चालतं. तुमचा हात तारांवर असतो, तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि कोरससाठी ओठ माइकच्या जाळीला लागतात. अर्थिंग तुटलेल्या सामानात दोष आला तर वीज तुमच्या अंगातून जाते. टेस्टरने बोर्ड तपासल्याशिवाय जॅक लावूच नका.

प्रतिसाद (नाव दिलेलं नाही)

सगळं ठीक आहे, पण बेस म्हणजे ॲम्पच. डीआयचा आवाज कोरडा असतो. अँपेगच्या एसव्हीटीसमोर उभं राहिलेल्या माणसाला हे डबे चालणार नाहीत.

धागाकर्ता

एसव्हीटीबद्दल मलाही आदर आहे. १९६९ साली आलेला तो ३०० वॉटचा ॲम्प मोठ्या स्टेजवर बेस पोचवण्यासाठीच बनला, कारण तेव्हा समोरच्या स्पीकरची ताकद कमी होती. आज समोर सब आहेत, आणि आठ स्पीकरचं ६० किलोच्या वरचं कॅबिनेट नाट्यगृहाच्या मागच्या जिन्याने चढवायला माणूस मिळत नाही. डीआय कोरडा असतो हे मात्र मला मान्य नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६०च्या दशकात जेम्स जेमर्सनचा बेस थेट मिक्सरमध्येच जायचा, त्याला कोरडा कोण म्हणेल? थेट लाईनमध्ये तारांची खरखर जास्त येते, कारण ॲम्पचा स्पीकर वरचे स्वर गाळतो आणि इथे तो नसतो. तेवढं गाळण्याचं काम सॅन्सॲम्पसारखे प्रीॲम्प किंवा हल्लीच्या मल्टीइफेक्टमधलं कॅबिनेट सिम्युलेशन करतं.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. तालमीत करून बघितलं ते सांगतो.

दोन चॅनेलची युक्ती कामी आली. दादांच्या चॅनेलवर खालचा भाग कापल्यावर मला कानात तो ऐकवला, तेव्हा बेस अगदी पातळ वाटला आणि मी घाबरलो. पण दादांनी दोन आवर्तनं वाजवून ‘आता बोट दिसतंय’ असं म्हटलं. धुमेचा माइक घुमायचा थांबला. मी माझ्या मिक्समध्येही ढोलकी वर घेतली आणि बेसच्या बाजूलाच मधोमध ठेवली, बाकीची वाद्यं डावी-उजवीकडे सरकवली. त्याने ठेका जुळायला जितकी मदत झाली तितकी कुठल्याच पेडलने झाली नसती. यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. ॲम्प तीन मीटर मागे असताना माझा स्वर माझ्या कानापर्यंत यायला सुमारे ९ मिलिसेकंद लागायचे, आता तो लगेच येतो. इतकी वर्षं हात त्या उशिराला धरून वाजवत होता, त्यामुळे सवय लागायला वेळ जाणार.

फोमच्या टिपांनी खर्ज परत आला आणि बोटांचा जोर कमी झाला. गुणगुण मांडवात गेल्यावरच कळेल, पण अडॅप्टरची माळ काढून आयसोलेटेड सप्लाय मागवला आहे.

ऑक्टोपॅडवाल्याचं अजून जमलेलं नाही. त्याच्या किकचा (पायाच्या ड्रमसारख्या आवाजाचा) आणि माझ्या बेसचा खालचा भाग एकाच जागी येतो, आणि मॉनिटरमध्ये त्याला स्वतःची किक हवीच असते. तिथे मी कापायचं की त्याच्या किकचा आवाजच ऑक्टोपॅडवर बदलून घ्यायचा? ज्यांनी रोलँडच्या ऑक्टोपॅडवर किकचा ट्यून वर घेऊन बघितला असेल त्यांनी सांगा, गाण्याची मजा जाते का? आणि पुण्यात कोणाकडे दहाइंची छोटा बेस कॉम्बो एका तालमीपुरता मिळण्यासारखा असेल तर कृपया इथे लिहा. विकत घेण्याआधी दादांच्या चौथऱ्याजवळ, स्टूलवर ठेवून ऐकायचा आहे.