'विसंगती', 'तफावत' की नुसता 'फरक'?

कातरवेळ
मुलांच्या विज्ञान मासिकासाठी जागतिक तापमानावरचा लेख मराठीत आणतेय. 'टेंपरेचर ॲनॉमली'पाशी गाडं अडलंय. मी 'विसंगती' लिहिलं. संपादक म्हणतात, मुलांना वाटेल थर्मामीटरच बिघडला. अर्थ एवढाच, की ठरलेल्या काळाच्या सरासरीपेक्षा किती अंश जास्त किंवा कमी. काय लिहू?

मुठाकाठ
'तफावत'. आमच्या दुकानात गल्ला आणि वही जुळली नाही की दिवाणजी हाच शब्द वापरायचे.

ओंजळ
म्हणजे पुन्हा चूकच! शिवाय तो अरबीतून आलेला. 'विचलन' आहे की.

मुठाकाठ
अरबीतून आला असेल, पण मराठीत मुरलाय. आणि 'प्रमाण विचलन' संख्याशास्त्राने आधीच घेतलंय, त्याचं काय?

जुनीवही
मुळात जा. ग्रीक 'होमालोस' म्हणजे सपाट, एकसारखं. आपल्या 'सम'च्याच गोतातलं. ॲनॉमली म्हणजे जे सम नाही ते, 'विषम'! पण शाळेच्या भूगोलात कोकणचं हवामान सम आणि आपलं पुण्याचं विषम, त्यामुळे तो शब्दही अडकला. पंचांगगणितात ग्रहाच्या ॲनॉमलीला 'मंदकेंद्र' म्हणतात.

पर्जन्यमापक
आधी बघा हा आकडा लागतो कशाला. महाबळेश्वर पुण्यापेक्षा थंड. उद्या तिथलं केंद्र बंद पडलं, तर नुसत्या तापमानांची सरासरी वर जाईल, प्रत्यक्षात कुठेच काही तापलेलं नसताना. म्हणून प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या सरासरीशी करतात. उष्णतेची लाट आली की पुणे आणि महाबळेश्वर दोन्हीकडे ही वाढ बरीचशी सारखी दिसते.

'तफावत' मात्र मी राखून ठेवीन. पूर्वी जहाजावरून कापडी बादलीने समुद्राचं पाणी काढून मोजायचे. बाष्पीभवनाने ते थोडं थंड व्हायचं. पुढे इंजिनात घेतलेल्या पाण्याचं मोजू लागले, आता तरंगते बोये आहेत. या पद्धतींमधली ती खरी तफावत, आणि ती दुरुस्त करावीच लागते.

कातरवेळ
मग ॲनॉमलीला?

पर्जन्यमापक
'सरासरीपासूनचा फरक'. आणि कुठली सरासरी ते दरवेळी सांगा. नासा १९५१ ते १९८० धरते. २०२४ साल सुमारे १.५५ अंशांनी जास्त होतं असं जागतिक हवामान संघटना म्हणते, ते १८५०–१९०० च्या तुलनेत. शिवाजीनगरच्या वेधशाळेतून येणाऱ्या बातमीतही 'सरासरीपेक्षा ३ अंशांनी अधिक' असंच असतं, ते कुणाला अडत नाही.

कातरवेळ
आलेखाच्या उभ्या अक्षावर एवढं मावत नाही हो.

ओंजळ
वेधशाळा कसली, 'सिमला ऑफिस' म्हणा! आजी कंडक्टरकडे तेच तिकीट मागायची.

जुनीवही
हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. पण 'सिमला' की 'शिमला'?

मुठाकाठ
सिमला. शहर शिमला असेल, स्टॉप सिमला ऑफिसच.

ओंजळ
आमच्या घरी 'शिमला ऑफिस'च म्हणतात. आणि मिरची 'सिमला'.