बॅटच्या पाठीवर लाकडाचे तंतू उपटतात, मदत हवी आहे

क्रिकेटची बॅट घडवतोय. काश्मीर विलोचा दाबलेला क्लेफ्ट (बॅटच्या पात्यासाठीचा लाकडी ठोकळा) आहे, वेताचा दांडा व्ही-सांध्यात पक्का बसलाय. गाडी अडलीय पाठीच्या आकारावर.

पाठीचा फुगवटा टोकापासून २१ सेंमीवर ठेवलाय. तिथून टोकाकडे आणि तिथूनच खांद्याकडे, म्हणजे दोन्हीकडे उताराच्या दिशेने रंधा मारला की साल गुळगुळीत निघते. उलट चढावर मारलं तर तंतू उपटणारच, हे ठाऊक आहे. पण उजव्या कडेला, फुगवट्याच्या जरा खाली, रेषा वळलेल्या आहेत. तिथे कुठूनही मारा, बोटाच्या पेराएवढी ढलपी उचकटते. पातं नुकतंच परजलंय, बाहेरही केसभरच काढलंय. अशा जागी स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा) तिरका धरून चालेल, की सरळ लाकडाची कानस आणि मग ८० नंबरचा पॉलिश पेपर? रविवार पेठेत बाक असलेला, गोल तळाचा स्पोकशेव्ह मिळतो का? सगळीकडे सपाटच दाखवतात.

दुसरं, वजन. सध्या १३१० ग्रॅम, हवंय १२२०. हे ९० ग्रॅम म्हणजे पाठीवरून सरासरी तीनेक मिलिमीटर. पुढची बाजू हात लावायची नाही, दाबलेला थर तिथेच आहे. कडा ३८ मिमी जाड, कण्यावर (पाठीच्या मधल्या उंच रेघेवर) जाडी ६४ मिमी; नियमाची मर्यादा ४० आणि ६७, त्यामुळे तिकडून अडचण नाही. कणा आणि कडेमधला भाग खोलगट करू, की खांद्याकडचंच लाकूड उतरवू? खांद्याकडून काढलं तर तोल खाली जाऊन बॅट हातात आणखी जड वाटेल, अशी शंका आहे.