'अशक्तपणा' की 'दुर्बलता'? (2 करिंथ 12:9)

नगरची लेक
सगळ्यांना सलाम. आईचं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा असतं. घरी आली की खाटेवर पडते आणि म्हणते, "अशक्तपणा आलाय गं." चर्चच्या मंडळीतल्या बाया प्रार्थनेला आल्या की बायबलमधलं हेच वचन हमखास वाचतात. प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, प्रभू त्याला म्हणतो ते: 'माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते.' परवा आईने विचारलं, "पौलाचा अशक्तपणा आणि माझा एकच का? की त्याचा काही आत्मिक असेल?" मला उत्तर देता आलं नाही. धाकटा भाऊ म्हणतो, इथे 'दुर्बलता' हवं. 'अशक्तपणा' हा टॉनिकच्या बाटलीवरचा शब्द वाटतो. मुळात काय आहे?

निवृत्त पाळक, सोलापूर
लेकी, आईला सांग, एकच. मूळ ग्रीक शब्द 'आस्थेनिया'. 'स्थेनोस' म्हणजे बळ, आणि पुढे नकाराचा 'अ'. आपल्या 'अ-शक्त'सारखीच घडण. शुभवर्तमानांत तो सरळ दुखण्यासाठी येतो. लाजराच्या आजाराला हाच शब्द (योहान 11:4). बेथेस्दाच्या तळ्याकाठी जो माणूस 38 वर्षं दुखण्यात होता, त्या दुखण्यालाही हाच (योहान 5:5). आणि गलतीकरांना पौल स्वतः लिहितो की मी तुमच्याकडे पहिल्यांदा सुवार्ता सांगितली ती देहाच्या 'आस्थेनिया'मुळे (4:13). म्हणजे हा माणूस कुठेतरी आजारी पडून अडकला होता, आणि तिथेच त्याने काम केलं. तुझ्या आईच्या खाटेपासून हा शब्द लांब नाही.

'दुर्बलता' चूक नव्हे. दहाव्या वचनात पौल अपमान, अडचणी, छळ, संकटं अशी सगळी रांग लावतो, तिथे तो शब्द चालतो. पण तापातून उठलेलं माणूस 'मला दुर्बलता आली' असं म्हणत नाही. त्या शब्दात मनाचा कच्चेपणा आधी ऐकू येतो आणि दुखणं मागे राहतं.

आणखी एक सांगायचंच आहे. ग्रीकमध्ये 'आस्थेनिया' आणि 'दुनामिस' (शक्ती) यांची मुळं वेगळी, कानाला काही नातं लागत नाही. मराठीत मात्र 'अशक्त' या शब्दाच्या पोटातच 'शक्त' बसलेला आहे. पुढच्या वचनात 'अशक्त' आणि 'सशक्त' समोरासमोर येतात. मुळात नसलेला हा नाद आपल्या भाषेने दिला. ग्रीक शिकल्यावर मला हे उमगलं, आणि तेव्हापासून मी हे वचन मोठ्याने वाचतो.

वसईकर
ताई, त्याच्या थोडं वर, सातव्या वचनात पौल म्हणतो तो 'देहातला काटा'ही पाहा. ग्रीक 'स्कोलोप्स' म्हणजे टोकदार लाकूड, अगदी खुंट्यापर्यंत. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मात्र तो काट्यांसाठी येतो, उदाहरणार्थ होशेय 2:6 मधलं काट्यांचं कुंपण. मला नेहमी वाटतं की इथे आपला 'शल्य' हा शब्द नेमका बसतो. काटा टोचतो आणि निघतो. शल्य आत राहतं. 'सल' त्यातूनच आला. माझे वडील शेतात अनवाणी असायचे. पायात काटा मोडला, आत राहिला, की पुढे त्याचं कुरूप व्हायचं आणि पाऊल टाकलं की कळ मस्तकात. पौलाचा काटा असा मोडलेला आहे. तो काय होता याबद्दल डोळ्यांचं दुखणं, मलेरिया असे पुष्कळ तर्क झालेत. पौलाने नाव सांगितलं नाही, म्हणून कुणीही आपलं दुखणं तिथे ठेवू शकतं.

परिचारिका, पुणे
मी रोज डायलिसिसचे पेशंट पाहते, म्हणून लिहिते. हे वचन ऐकून काही जण दुखतंय हे सांगायचंच बंद करतात. विश्वास कमी दिसेल अशी भीती असते. कृपा करून आठवा, पौलाने काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली होती. गेथशेमाने बागेत येशूनेही प्रार्थना तीनदाच केली. दुखणं गोड आहे असं दोघेही म्हणत नाहीत. आणि पाळकसाहेब, मला 'पुरे' हा शब्द खटकतो. 'पुरे आता, गप्प बस' असं ऐकू येतं.

निवृत्त पाळक, सोलापूर
बाई, तुम्ही लिहिलंत ते मी व्यासपीठावरून सांगायला हवं होतं.

'पुरे'चं असं. ग्रीक क्रियापद 'आर्केई', आणि वाक्यात ते सर्वांत आधी येतं: 'पुरते तुला माझी कृपा'. दहा कुमारींच्या दाखल्यात 'तेल आम्हांला आणि तुम्हांला पुरणार नाही' म्हणतात, तिथे हेच क्रियापद (मत्तय 25:9). येशूचा शिष्य फिलिप्प म्हणतो की 200 दीनारांच्या भाकरी पुरायच्या नाहीत, तिथेही हेच (योहान 6:7). तेल, भाकरी यांच्या हिशेबातला हा शब्द. काळ वर्तमान: 'पुरत आहे'. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणून. त्या कामाच्या शेवटी शेवटी, 1921 मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी त्या बसून राहिल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या, संपूर्ण बायबल छापून हाती येण्याआधी. त्यांच्या टेबलाशी हे वचन कसं वाचलं गेलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नगरची लेक
काल आईला सगळं वाचून दाखवलं. 'पुरणं' भाकरीचं आहे हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग 72 च्या दुष्काळात आजी पिठाचा डबा खरवडायची ते सांगत बसली. भावाने 'दुर्बलता' मागे घेतलीय. परिचारिकाताई, तुमचंही वाचलं. आज आईने पहिल्यांदा सांगितलं की सुई टोचताना हात फार दुखतो.

आता तिचा पुढचा प्रश्न. दहाव्या वचनात पौल म्हणतो की या सगळ्यात मला 'संतोष' आहे. आई म्हणते, "अशक्तपणा कळला, पुरणंही कळलं. हा संतोष कुठला, ते विचार."